साखर कारखान्याला, पालाश शेताला

शंभर टन ऊस गव्हाणीत पडला की त्यातून साधारण १० ते ११ टन साखर बाहेर येते. त्याशिवाय २८ ते ३० टन ओला बगॅस, चार टनांच्या आसपास मोलॅसिस आणि तीन-चार टन प्रेसमड. बाकी पाणी, ते बहुतेक वाफ होऊन जाते. कारखान्याच्या वार्षिक अहवालात हे आकडे दरवर्षी छापून येतात. आपण ते पान उलटतो आणि दराचे पान काढतो. पण एकरी उतारा का घटतोय, जमीन का चिवट होतेय, खताची पोती दरवर्षी वाढवूनही फुटवे का कमी पडतायत, याची बरीच उत्तरे त्या उलटलेल्या पानावर आहेत.

साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एवढेच. कार्बन पानांनी हवेतून घेतलेला, बाकीचे दोन हवेतून आणि पाण्यातून आलेले. साखरेत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. म्हणजे तुम्ही सोसायटीतून उधारीवर उचललेले खत साखरेच्या पोत्यात भरून बाजारात जात नाही. ते जाते उसाच्या बाकीच्या भागात. पाल्यात आणि वाढ्यात बराच पालाश आणि काही नत्र राहते. रसातले स्फुरद चुन्याबरोबर खाली बसते आणि प्रेसमडमध्ये येते. रसातला पालाश साखरेच्या दाण्यात शिरत नाही, तो मोलॅसिसमध्ये साठत जातो. मोलॅसिसचे अल्कोहोल केले की तोच पालाश डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये उतरतो. साखर विकून जमिनीचे काही जात नाही, जाते ते या उरलेल्या वस्तू परत न आल्यामुळे. उसाचे नियोजन करताना हा एक धागा हातात धरला तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

यातला एक मोठा वाटा तर कारखान्यात जातच नाही. तो तोड झाल्यावर तुमच्याच रानात पडून असतो आणि आपण त्याला काडी लावतो.

पाचटाचा हिशेब

चांगल्या उसात हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे एकरी साडेतीन-चार टन. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असतो. एकरी चार टन धरले तर १६ ते २० किलो नत्र, सात-आठ किलो स्फुरद आणि ३६ ते ४० किलो पालाश. आता महात्मा फुले कृषी विद्यापीठाची खोडव्यासाठीची शिफारस पाहा: हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. एकराला मोडली तर १००, ४६ आणि ४६. पालाशाच्या शिफारशीचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा त्या पाचटातच आहे. आपल्याकडे म्युरेट ऑफ पोटॅश परदेशातून येते आणि त्याचा भाव आपल्या हातात नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पाचटाचे मोल कळते.

जाळल्यावर काय होते? नत्र आणि गंधक बहुतेक हवेत जाते. पालाश राखेत राहतो हे खरे, पण ती राख वाऱ्याने शेजाऱ्याच्या बांधावर जाते किंवा पहिल्या पाण्याबरोबर वाहते. सेंद्रिय कर्ब तर पूर्ण गेला. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आलेली कितीतरी उसाची राने आज कृष्णाकाठी आणि भीमाकाठी आहेत. तिथे दर तोडीनंतर एकरी चार टन सेंद्रिय पदार्थाला आग लावणे मला तरी परवडण्यासारखे वाटत नाही. पाचट कुजल्यावर त्यातला सगळा कर्ब मातीत राहतो असेही नाही. बराचसा हवेतच जातो. पण जातानाही तो जिवाणूंना आणि गांडुळांना पोसून जातो, आणि थोडा मातीत धरून राहतो.

पाचट ठेवायचे की नाही याचा निर्णय मात्र तोडीनंतर घ्यायचा नसतो, तो लागणीच्या वेळीच होऊन जातो. अडीच-तीन फुटांची सरी पाडली असेल तर पाचट ठेवायला जागा कुठे आहे? पाणी पुढे जात नाही, खत टाकता येत नाही, आणि मग कंटाळून काडी ओढली जाते. म्हणून लागण करतानाच सरी साडेचार ते पाच फूट ठेवा, किंवा जोडओळ पट्टा पद्धत घ्या. एक डोळ्याची रोपे पाच फूट बाय दोन फुटांवर लावली तर एकरी ४,३५६ रोपे लागतात, दीड फुटावर घेतली तर ५,८०८. रोपे घेतल्याने बेणे तर वाचतेच, शिवाय मध्ये नांग्या पडत नाहीत, आणि नांग्या नसलेल्या लागणीचाच खोडवा चांगला येतो. हंगाम कोणताही असो, जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी किंवा मध्य डिसेंबर ते मध्य फेब्रुवारीची सुरू, अंतराचा नियम तोच. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, बेण्यासाठीच वाढवलेल्या मळ्यातले घ्या. कारखान्याला जाणाऱ्या जुन्या उसातून वरची टिपरी छाटून लागण करण्याची सवय अजून गेलेली नाही, ती आता सोडायला हवी.

आता तोडीनंतरचे काम. टोळीला आधीच सांगा की ऊस जमिनीलगत तोडायचा. वर चार बोटे बुडखा राहिला तर तेवढी साखर रानात राहते आणि वरच्या डोळ्यांतून कमकुवत फुटवे येतात. राहिलेच बुडखे तर दोन-तीन दिवसांत धारदार कोयत्याने जमिनीसपाट छाटून घ्या. छाटलेल्या बुडख्यांवर शिफारशीच्या बुरशीनाशकाची फवारणी करा. पाचट बुडख्यांवर राहता कामा नये, ते बाजूला ओढून सरीत दाबा. बुडख्यावर ऊन पडले पाहिजे, नाहीतर कोंब पिवळे आणि बारीक येतात.

पाचटावर एकरी एक गोणी युरिया, एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकायचे. जिवाणू चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पसरवा, म्हणजे सारखे पडतात. इथे युरिया कशाला, असे पुष्कळ जण विचारतात आणि तेवढीच गोणी वाचवतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी असते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते. तुम्ही ते दिले नाही, तर ते मातीतले, म्हणजे तुमच्या खोडव्याच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. "पाचट ठेवले आणि खोडवा पिवळा पडला" ही तक्रार अनेक गावांत ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा ही वाचवलेली गोणी असते.

पहिले पाणी देताना पाचट तरंगते, सरीत अडते, पाणी फुटते. हे काम त्रासाचे आहे, ते सोपे आहे असे सांगण्यात अर्थ नाही. पहिल्या पाण्याला एक माणूस जास्त लावा, पाचट पायाने दाबत पाणी पुढे न्या. दुसऱ्या पाण्यापर्यंत ते बसलेले असते. भारी, निचरा कमी असलेल्या जमिनीत सगळ्या सऱ्यांत पाचट भरू नका. एक आड एक सरीत भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. ठिबक असेल तर हा प्रश्नच येत नाही. ट्रॅक्टरवर चालणारे पाचट कुट्टी यंत्र आता बहुतेक तालुक्यांत भाड्याने मिळते. कुट्टी केलेले पाचट लवकर कुजते आणि पाण्यालाही कमी अडते. हार्वेस्टरने तोड झाली तर पाचटाचे तुकडे होऊनच पडतात, पण ते ढिगाने पडतात, ते पसरवून घ्यावे लागतात. शिवाय यंत्राच्या चाकांनी सरी दबते, त्यामुळे जमीन वाफशावर असतानाच यंत्र रानात घाला.

उंदरांची आणि आगीची भीती खरी आहे. पाचटाखाली उंदीर लपतात, म्हणून बांध स्वच्छ ठेवा आणि बिळे दिसली की लगेच बंदोबस्त करा. आग टाळण्यासाठी रस्त्याकडेच्या चार-पाच सऱ्यांतले पाचट काढून आतल्या सऱ्यांत टाका. एप्रिल-मेमध्ये विडी-काडीचा एक चटका पुरतो. हुमणीचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या रानाचा खोडवा मात्र घेऊच नका. पाचट ठेवून किंवा जाळून तिथे काही फरक पडणार नाही, तिथे पिकाची फेरपालटच करावी लागते.

खोडव्याला नांगर नको, पहार हवी

पाचट ठेवलेल्या खोडव्यात बगला फोडणे, जारवा तोडणे, आंतरमशागत करणे ही जुनी कामे करायची नाहीत आणि करताही येत नाहीत. त्यामुळे खत देण्याची पद्धत बदलते. पहारीने खत द्या: बुडख्यापासून साधारण दहा सेंटिमीटर अंतरावर, दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात खत टाका. दोन भोकांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. निम्मे खत तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला आणि निम्मे सुमारे १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते, पण खत मुळाशी जाते, युरिया उडून जात नाही आणि तणांना ते मिळत नाही. पाचटाचे आच्छादन असल्यामुळे खुरपणीचे दिवस कमी होतात आणि पाण्याच्या पाळ्याही कमी लागतात. विहिरीला उन्हाळ्यात दोन तासच पाणी असेल तर या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

नांग्या तीन आठवड्यांत भरून घ्या, आणि त्या टिपरीने भरण्यापेक्षा प्लास्टिक पिशवीतल्या किंवा ट्रेमधल्या रोपांनी भरा. टिपरीचा ऊस मागे राहतो आणि खोडव्याच्या सावलीत दबून जातो. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो ठेवू नका, उन्हाळ्यात त्याची फूट मार खाते. कारखान्याची तोड मार्चपर्यंत लांबली तर शेतकऱ्याच्या हातात काही नसते हे मान्य. पण मग त्या रानाचे नियोजन वेगळे करा, नाईलाजाने खोडवा ओढत नेऊ नका.

खोडवा किंवा निडवा मोडताना बुडखे वेचून बांधावर जाळायची पद्धतही सोडून द्यावी. उसाचे बुडखे आणि मुळे म्हणजे जमिनीत आधीच पुरलेले खत आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लेखांतून आणि शेतकरी मेळाव्यांत मांडला. त्यांची विनानांगरणीची पद्धत पूर्ण अंगीकारणे प्रत्येकाला जमेल असे नाही, पण बुडखे रानातच कुजवणे कोणालाही जमते.

ज्यांना सरीत पाचट ठेवणे शक्य नाही, किंवा ज्यांना ऊस मोडून हरभरा-गहू घ्यायचा आहे, त्यांनी पाचट खड्ड्यात कुजवावे. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धन, थरावर थर, आणि ओल कायम ठेवायची. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. दोन-तीन वेळा ढीग वरखाली केला तर लवकर. अर्धे कुजलेले पाचट गांडुळांना दिले तर गांडूळखतही उत्तम होते. धिंगरी अळिंबी पाचटावर आणि बगॅसवर येते, पण तो वेगळा धंदा आहे, बाजार पाहूनच त्यात उतरावे.

वाढे

उसाचा हिरवा शेंडा हा जोडधंद्याचा भाग. तोडीच्या हंगामात वाढे जनावरांच्या दावणीला येतात आणि दुष्काळी भागात तर त्यांच्यावर उन्हाळा निघतो. पण वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, ते जनावराच्या शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. चार महिने नुसते वाढे खाऊन दूध घटते, व्यालेली म्हैस खाली बसते. म्हणून वाढे कुट्टी करूनच द्या, एकूण चाऱ्याच्या निम्म्याच्या आत ठेवा, बाकी लसूणघास, ज्वारीचा कडबा यांची जोड द्या आणि रोजचे खनिज मिश्रण चुकवू नका. चुन्याची निवळी पाण्यात देण्याची जुनी पद्धतही योग्य आहे. जास्त वाढे हाताशी आले तर मुरघास करा, त्यात थोडे गुळाचे पाणी शिंपडले तर आंबणे चांगले होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच भागांत वाढ्यांवर ऊसतोड मजुरांचा हक्क रिवाजाने मानला जातो. संध्याकाळी वाढ्यांच्या पेंढ्या विकून त्यांचा भाजी-मिठाचा खर्च निघतो, बैलगाडीच्या बैलांचे पोट भरते. "सगळे अवशेष रानातच ठेवा" असा सल्ला देताना तो वाटा त्यांच्याकडून काढून घेणे बरोबर नाही. पाचट रानात राहू द्या, वाढ्यांचे आधी टोळीशी बोलून ठरवा.

प्रेसमड: ताजा आणायचा की कुजलेला?

शिवारात याला मळी म्हणतात. रस शुद्ध करताना चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, त्यातून जो गाळ बसतो तो हा. आपल्याकडचे बहुतेक कारखाने गंधकाची, म्हणजे सल्फिटेशनची पद्धत वापरतात. त्यामुळे या मळीत गंधक आणि कॅल्शियम असते, आणि वाळलेल्या वजनावर साधारण एक ते दोन टक्के नत्र व दोन-तीन टक्के स्फुरद असते. चोपण जमिनीला ती विशेष उपयोगी आहे. चुनखडीयुक्त काळ्या रानालाही या पद्धतीची मळी चालते. कार्बोनेशन पद्धतीची मळी असेल तर तिच्यात चुना फार असतो, ती अशा जमिनीत टाकू नका. कारखान्यात कोणती पद्धत आहे हे शेती अधिकाऱ्याला विचारले की लगेच कळते.

ताजी मळी रानात ओतून लगेच लागण करणे चुकीचे. ती ओली असते, तिच्यात मेण असते, आणि कुजताना भरपूर तापते. त्या उष्णतेने कोंब करपतात. बांधावर ढीग करून, ओल राखून, जिवाणू संवर्धन टाकून, दर दहा-बारा दिवसांनी ढीग हलवत दीड-दोन महिने कुजवा. हात घातला तर गरम लागू नये आणि मातीसारखा वास यावा. असे खत एकरी अडीच टन सरीत मिसळले तर त्याचा परिणाम दिसतो. वाहतुकीचा खर्च हा इथला खरा प्रश्न. तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असलेली मळी तीस किलोमीटरवरून आणणे म्हणजे ट्रॉलीने पाणी वाहणे आहे. शक्य असेल तर कारखान्यावरच कुजवलेले आणि सुकलेले खत घ्या.

अलीकडे हे समीकरण बदलते आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सतत योजनेनंतर प्रेसमडपासून संकुचित बायोगॅस करणारे प्रकल्प उभे राहू लागले, आणि कारखान्याला मळीचा भाव मिळू लागला. गॅस काढल्यावर त्यातला कर्ब कमी होतो, पण नत्र-स्फुरद बऱ्यापैकी उरते. म्हणून अशा प्रकल्पातून निघणारे आंबवलेले सेंद्रिय खत सभासदाला किती आणि कोणत्या दराने मिळणार, हा प्रश्न करार होण्याआधी विचारायचा असतो. नंतर विचारून उपयोग होत नाही.

स्पेंटवॉश आणि त्याची राख

एक लिटर अल्कोहोल करताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघते. मोलॅसिसमधला पालाश त्यात असतो, आणि ऑक्सिजन ओढून घेणारा प्रचंड सेंद्रिय भारही असतो. ते ओढ्यात गेले तर मासे मरतात, विहिरीत झिरपले तर पाणी तांबडे होते. म्हणूनच आज डिस्टिलरींवर सांडपाणी बाहेर न सोडण्याचे बंधन आहे. काही ठिकाणी ते प्रेसमडवर फवारून कंपोस्ट करतात, काही ठिकाणी घट्ट करून खास बॉयलरमध्ये जाळतात.

टँकरने रानात कच्चे स्पेंटवॉश घेऊ नका, फुकट दिले तरी नको. पालाशाबरोबर क्षारही येतात आणि आधीच क्षारपड होत चाललेल्या रानात ते भर घालतात. ब्राझीलमध्ये उसाच्या शेतात हे पाणी विरळ करून देतात हे खरे, पण तिथला पाऊस, तिथली जमीन आणि तिथली वाटपाची शिस्त वेगळी आहे. पाणी साचणाऱ्या आपल्या काळ्या रानात ती नक्कल महागात पडेल.

स्पेंटवॉश जाळल्यावर उरणारी राख मात्र उपयोगाची. तिच्यापासून बनवलेल्या खताला मोलॅसिसपासूनचे पोटॅश, पीडीएम, म्हणतात. त्यात किमान १४.५ टक्के पालाश असावा लागतो, आणि २०२१ पासून ते केंद्राच्या पोषणद्रव्य-आधारित अनुदानात आले आहे. ६० टक्क्यांच्या म्युरेटपेक्षा ते चारपट लागते, त्यामुळे भाव पोत्यावरून नव्हे, किलो पालाशावरून काढा. ५० किलोच्या पोत्यात सव्वासात किलोच पालाश मिळतो, पोत्याचा भाव त्याने भागून पाहा. हिशेब जमला तर घ्या, कारण हा पालाश तुमच्याच उसातून निघालेला आहे.

बगॅसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो, त्यावर वीज होते, जास्तीची वीज महावितरणला विकली जाते, थोडा कागदाला जातो. त्यात पोषणद्रव्ये अगदी थोडी असतात, त्यामुळे तो रानात परत न आल्याने जमिनीचे फारसे बिघडत नाही. गुऱ्हाळवाल्यांनी मात्र चुलवाणातली राख सांभाळावी. चिपाडाच्या राखेत सिलिका आणि थोडा पालाश असतो. ती पावसात भिजू दिली तर पालाश धुऊन जातो, म्हणून कोरड्या जागी साठवा आणि लागणीच्या वेळी सरीत वापरा. चुलवाणात प्लास्टिक किंवा टायर जाळले असतील तर ती राख रानात अजिबात टाकू नका.

खताची मात्रा किती कमी करायची?

हे सगळे परत आले तर रासायनिक खत किती वाचवायचे, हा पुढचा प्रश्न. घाई करू नका. पाचटातला पालाश पाण्याबरोबर लवकर सुटतो, तो पहिल्याच वर्षी मोजता येतो. नत्र सुटायला वेळ लागतो, पहिल्या वर्षी तर जिवाणूच ते वापरतात, म्हणून त्या वर्षी नत्राची मात्रा जशीच्या तशी ठेवा. स्फुरद माती परीक्षणावर ठरवा. आडसालीसाठी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र आणि प्रत्येकी १७० किलो स्फुरद व पालाश अशी आहे. त्यातले नत्र चार हप्त्यांत द्या: लागणीला थोडे, दीड-दोन महिन्यांनी जास्त, तीन-चार महिन्यांनी पुन्हा थोडे आणि मोठ्या बांधणीला उरलेले. एका बांधणीला सगळे ओतून मोकळे व्हायची सवय महाग पडते. दर तीन वर्षांनी माती तपासा, आणि नमुना नेहमी त्याच रानाच्या त्याच कोपऱ्यांतून, तोडीनंतर, खत टाकण्याआधी घ्या. सेंद्रिय कर्बाचा आकडा वर सरकायला लागला की मगच नत्र कमी करायला घ्या.

बिलात उपपदार्थांचा वाटा

उपपदार्थांचा संबंध रानाशी जसा आहे तसा तुमच्या बिलाशीही आहे. केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, एफआरपी, २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत तो मिळायला हवा आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. पण ती किमान रक्कम आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसूल वाटपाचे सूत्र सुचवले आणि महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने ते स्वीकारले. त्यानुसार साखर, बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड यांच्या एकत्रित उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. हिशेब एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक द्यावा लागतो.

बी-हेवी मोलॅसिस किंवा थेट रस इथेनॉलकडे वळवला की साखर कमी निघते आणि उतारा कमी दिसतो. त्या वळवलेल्या साखरेची भर घालूनच उतारा धरायचा असतो. म्हणून वार्षिक सभेत तीन गोष्टी लेखी मागा. किती ऊस कोणत्या मार्गाने इथेनॉलला गेला आणि त्यासाठी उताऱ्यात किती भर घातली, बगॅस आणि प्रेसमडची विक्री किंवा अंतर्गत वापर कोणत्या दराने दाखवला, आणि सभासदांना कंपोस्ट व पीडीएम देण्याचा यंदाचा कोटा किती. अहवाल सभेच्या आधी घरपोच येतो. सभेच्या दिवशी मंडपात बसून तो चाळण्याऐवजी आधीच्या रात्री वाचा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. उत्तर तोंडी मिळाले तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.